आधी ऐवज बाहेर काढा, पेटीचं मग बघू

कराडच्या एका निवृत्त मुख्याध्यापिकांचं चार पानी पत्र आलंय. सगळं छापायला जागा नाही, म्हणून मुद्द्याचं तेवढं देतो.

‘एमएस-सीआयटी झाल्यावर हौसेनं, २०१३ साली घेतलेला कॉम्प्युटर आहे. आता चालू व्हायला पंधरा मिनिटं घेतो. रोज सकाळी तारीख १ जानेवारी २०१२ दाखवतो आणि बँकेचं पान उघडायला गेलं की इशारा देऊन अडवतो. डब्याला हात लागला तर झिणझिण्या येतात. विंडोज १०चा सपोर्ट संपला, असाही निरोप पडद्यावर येतो. मुलगा बंगळुरूहून म्हणतो, आई, फेकून दे, मी लॅपटॉप पाठवतो. भंगारवाला सगळ्याचे मिळून चारशे देतो म्हणाला, माळ्यावरच्या जुन्या पोटवाल्या मॉनिटरसकट. पण यांनी शेवटची चार वर्षं आमच्या गावाचा इतिहास त्याच्यावर टाइप केला. साडेतीनशे पानं आहेत. परवा त्यातली एक फाइल मुलाला मेलनं पाठवली, तर त्याच्याकडे नुसती इंग्रजी अक्षरं उमटली. आता ठेवू, दुरुस्त करू, की देऊन टाकू? मागे एक छोटी काळी डबी खोचलेली आहे, ती काढली तर चालेल का? आणि मी विणलेलं क्रोशाचं कव्हर घालू का? दुकानदार नको म्हणाला होता.’

नमस्कार बाई,

एरवी या सदरात मी ताई, काकू असं लिहितो. पण शाळेतल्या बाईंना ताई म्हणायला माझी जीभ वळत नाही, तेव्हा बाईच म्हणतो.

पहिलं म्हणजे ती काळी डबी काढू नका. तिच्याकडे सविस्तर येतोच. दुसरं, भंगारवाल्याला ‘पुढच्या महिन्यात ये’ म्हणून सांगा. तो येईलच, ते लोक विसरत नाहीत. आणि तिसरं, चिरंजीव चुकीचं सांगत नाहीयेत, फक्त क्रम उलटा सांगताहेत. लॅपटॉप येऊ दे, जुना जाऊ दे, सगळं होईल. पण घर बदलताना आपण आधी कपाटातला ऐवज काढतो आणि मग कपाट हमालाच्या पाठीवर देतो. तुमच्या कपाटात साडेतीनशे पानं आहेत.

क्रमाबद्दल मी एवढा हट्टी का, तेही सांगून टाकतो. वीसेक वर्षं माझं तालुक्याच्या गावी कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणायचे आणि गावात बसवून द्यायचे, असा धंदा. एकदा एका गिऱ्हाइकाचं मशीन ‘लई स्लो झालंय’ म्हणून आलं. मी विचारलं, डेटा ठेवायचाय का? तो म्हणाला, डी ड्राइव्हमध्ये आहे सगळं, सी उडवा. मी सी उडवला. घरी जाऊन त्यानं फोन केला, तेव्हा कळलं की मुलीच्या लग्नाचे फोटो डेस्कटॉपवर होते. डेस्कटॉप म्हणजे सी ड्राइव्हच असतो, हे त्याला माहीत नव्हतं आणि मला विचारायचं सुचलं नव्हतं. चूक माझीच. त्या दिवसापासून डेटा दुसरीकडे उतरवून, गिऱ्हाइकाला त्यातल्या दोन फायली उघडून दाखवल्याशिवाय मी स्क्रूड्रायव्हरला हात लावत नसे.

पण तुमच्याकडे फायलींच्याही आधी एक गोष्ट करायची आहे, ती म्हणजे त्या झिणझिण्या. तो कॉम्प्युटरचा आजार नाही, घराच्या वायरिंगचा आहे. कॉम्प्युटरच्या आत एसएमपीएस म्हणून जो वीजपुरवठ्याचा डबा असतो, तो थोडासा करंट पत्र्याकडे सोडतो. त्यानं अर्थिंगच्या तारेतून जमिनीत जावं अशी रचना असते. अर्थिंग मेलेलं असलं, किंवा कुणी तीन पिनांचा प्लग बसेना म्हणून वरची जाड पिन कापून टाकली असली, की तो करंट वाट बघत बसतो आणि तुम्ही हात लावलात की तुमच्यातून जातो. शहाबादी फरशीवर अनवाणी उभ्या असाल तर जास्तच जाणवेल. वायरमनला बोलावून तेवढंच तपासायला सांगा. फेज आणि अर्थिंग यांच्यात मीटर लावल्यावर फेज-न्यूट्रलइतकंच, म्हणजे २३०च्या आसपास व्होल्टेज दिसायला हवं. मीठ-कोळशाचा जुना खड्डा असेल तर उन्हाळ्यात तो कोरडा पडतो. बादलीभर पाणी ओतल्यावरसुद्धा फरक पडलेला मी पाहिलाय. हे होईपर्यंत पायात रबरी चप्पल, आणि मशीन चालू असताना पत्र्याला हात नाही.

आता तारखेचं. (पत्रा उघडायचा तो मात्र फायली उतरवून झाल्यावरच.) ही तक्रार सगळ्यात सोपी आहे आणि हिच्या नावाखाली सगळ्यात जास्त पैसे उकळले जातात. मदरबोर्डवर, म्हणजे आतल्या मुख्य पट्टीवर, साधारण एक रुपयाच्या नाण्याएवढा एक चपटा सेल असतो, सीआर २०३२ नावाचा, तीन व्होल्टचा. वीज बंद असताना घड्याळ चालू ठेवणं हे त्याचं काम. तो संपला की मशीन दर वेळी स्मृती गेल्यासारखं उठतं आणि कारखान्यातून निघतानाची तारीख सांगतं. बँकेच्या पानाचा इशाराही त्याचाच. प्रत्येक सुरक्षित वेबसाइटकडे अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत चालणारं एक प्रमाणपत्र असतं. तुमचा कॉम्प्युटर २०१२मध्ये बसलाय, प्रमाणपत्र आजचं आहे. त्याच्या हिशोबानं ते अजून जन्मालाच आलेलं नाही, मग तो बोंब मारणारच. हा सेल घड्याळवाल्याकडे किंवा इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतो आणि वडापाव-चहाच्या पैशात येतो. प्लग काढायचा, समोरून बघताना बहुधा डाव्या बाजूचा पत्रा काढायचा, सेलशेजारची छोटी पट्टी नखानं दाबली की सेल टुणकन वर येतो. नवा बसवताना अधिकचं चिन्ह वर. तारीख एकदा दुरुस्त करून ठेवा. कुणी ‘मदरबोर्ड गेलाय’ म्हणाला तर त्याला चहा द्या आणि निरोप द्या.

पत्रा काढलाच आहे तर धूळही काढून घ्या. अंगणात न्या, तोंडाला फडकं बांधा आणि मऊ ब्रशनं किंवा ब्लोअरनं साफ करा. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटानं धरून ठेवायची, वाऱ्यानं तो भन्नाट फिरून बिघडतो. ओलं फडकं नको. एसएमपीएसचा डबा उघडायचा नाही, प्लग काढल्यावरही त्यात काही काळ वीज साठलेली असते. एका मशीनच्या एसएमपीएसमध्ये मला वाळलेली पाल सापडली होती, मागच्या जाळीतून शिरलेली. मालक तिचं सुतक पाळायचं का विचारत होता.

(आणि कधी मशीन चालू करताना नुसतं ‘बीप बीप’ वाजून पडदा काळा राहिला, तर घाबरू नका. प्लग काढून रॅमची पट्टी बाहेर काढायची, तिचे सोनेरी दात शाळेतल्या पांढऱ्या खोडरबरानं हलक्या हातानं पुसायचे, चुरा फुंकरीऐवजी ब्रशनं झटकायचा आणि पट्टी दोन्ही बाजूंनी ‘टक’ आवाज येईपर्यंत दाबायची. दहातली सहा मशीनं मी या खोडरबरावर चालू केली असतील आणि गिऱ्हाइकासमोर रबर काढायची लाज वाटायची म्हणून आतल्या खोलीत जाऊन पुसायचो.)

आता मुख्य काम, गावाचा इतिहास.

तुमच्या मुलाकडे इंग्रजी अक्षरं उमटली यात फाइल खराब झालेली नाही. सरांनी बहुधा श्रीलिपीत किंवा तशाच जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टाइप केलंय. श्रीलिपी, शिवाजी, किरण, सी-डॅकचा सुरेख, महाराष्ट्रातल्या दोन पिढ्यांचं लेखन या फॉन्टांत आहे. हे फॉन्ट एक युक्ती करायचे. कॉम्प्युटरला ‘क’ माहीत नाही ना, मग इंग्रजीच्या एखाद्या अक्षराच्या खुर्चीवर ‘क’चं चित्र बसवायचं. फाइलमध्ये साठतं ते इंग्रजी अक्षर, डोळ्यांना दिसतं ते मराठी. तो फॉन्ट ज्या मशीनवर आहे तिथे सगळं सुरळीत. जिथे नाही तिथे चित्रं गळून पडतात आणि खालच्या खुर्च्या उघड्या पडतात, म्हणजे रोमन अक्षरं, कंस, स्वल्पविराम यांचा चिवडा. युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१पासून स्वतःच्या हक्काच्या खुर्च्या आहेत, पण आपल्याकडे छपाईवाले आणि कचेऱ्या पुढे कितीतरी वर्षं जुन्याच फॉन्टांत लिहीत राहिल्या. त्यामुळे नुसत्या फायली पेनड्राइव्हवर घेऊन मशीन भंगारात दिलं असतंत, तर साडेतीनशे पानं हातात असूनही वाचता आली नसती.

म्हणून ती काळी डबी. ते श्रीलिपीचं ‘लॉक’ असण्याचीच दाट शक्यता आहे. पेनड्राइव्हसारखं दिसतं, पण त्यात फाइल वगैरे काही नसते, ती त्या सॉफ्टवेअरची किल्ली आहे. मूळ खरेदीबरोबर यायची आणि ती लावल्याशिवाय सॉफ्टवेअर चालायचं नाही. हरवली तर नवी मिळणं सोपं नाही. काम संपेपर्यंत ती जिथे आहे तिथेच राहू द्या.

मी तुमच्या जागी असतो तर असं केलं असतं. आधी एक नवी एक्स्टर्नल हार्ड डिस्क घेतली असती. पेनड्राइव्हवर भिस्त नको, तो एका खिशातून दुसऱ्या खिशात न्यायला चांगला, जपून ठेवायला नाही. तिच्यावर डॉक्युमेंट्स, डेस्कटॉप, पिक्चर्स, डाउनलोड्स आणि अख्खा डी ड्राइव्ह उतरवा. त्यानंतर सी ड्राइव्हमध्ये विंडोज नावाच्या फोल्डरात फॉन्ट्स म्हणून फोल्डर असतं, तेही पूर्ण उचला. आकारानं किरकोळ आहे, पण तुमच्या दृष्टीनं त्याचं मोल फार. उतरवताना एखाद्या फाइलवर गाडी अडली तर ‘स्किप’ म्हणून पुढे जा, बाकीचं सुरक्षित झाल्यावर तिच्याकडे परत या. आणि हे होईपर्यंत डिफ्रॅग, चेकडिस्क, मोठं व्हायरस स्कॅन, यातलं काहीही चालवू नका. बारा वर्षांची डिस्क थकलेली असते. आजारी माणसाला आधी घरी आणायचं की व्यायाम करायला लावायचा?

मग त्याच जुन्या मशीनवर प्रत्येक फाइल उघडून प्रिंटमध्ये जायचं आणि प्रिंटरच्या यादीतून ‘मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ’ निवडायचं. विंडोज १०मध्ये ते आधीपासून असतं. पीडीएफमध्ये अक्षराचं चित्रच बरोबर जातं, त्यामुळे ती कुठेही मराठीच दिसते. दिसते, असं गृहीत मात्र धरू नका. पहिलीच पीडीएफ मोबाइलवर पाठवून बघा, जोडाक्षरं नीट आली का ते पाहा आणि मग बाकीच्या करा. पेजमेकरमध्ये लावलेली पानं असतील तर त्यांचीही अशीच.

पीडीएफ झाली म्हणजे लेखन वाचलं, पण जिवंत झालं नाही. तिच्यात एखाद्या आडनावाचा शोध घ्यायला गेलात तर सापडणार नाही, कारण आतमध्ये अजून तोच चिवडा आहे. पुढेमागे पुस्तक काढायचं तर मजकूर युनिकोडमध्ये न्यावा लागेल. त्यासाठी फॉन्टपरत्वे कन्व्हर्टर मिळतात, मुलगा करून देईल. पण खरं काम त्यानंतरचं आहे आणि ते तुमच्याइतकं चांगलं कुणी करणार नाही. कन्व्हर्टर ठरलेल्या जागीच ठेचकाळतो. जुन्या फॉन्टात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप व्हायची, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठते. त्यामुळे ‘स्थिती’, ‘व्यक्तिमत्त्व’सारख्या शब्दांत वेलांटी भलत्याच अक्षरावर जाऊन बसते. रफाराचं तसंच, ‘पूर्वी’चा रफार ‘पू’वर चढतो. ‘दुसऱ्या’, ‘कऱ्हाड’ यांतला र तर हमखास फुटतो, आणि तुमच्या गावाच्या इतिहासात कऱ्हाड किती वेळा असेल हे तुम्हीच बघा. एका बाजूला पीडीएफ, दुसऱ्या बाजूला युनिकोडची फाइल, आणि हातात लाल पेन. वह्या तपासल्यासारखं रोज दहा पानं केलीत तर पस्तीस दिवसांत संपेल.

झालेलं सगळं दोन ठिकाणी ठेवा, एक घरातल्या डिस्कवर, एक मुलाकडे. गुगलच्या खात्यावर १५ जीबी फुकट मिळतात, त्यात ही पानं कोपऱ्यातही दिसणार नाहीत. फोटोंनी मात्र ती जागा बघता बघता भरते, म्हणून फोटोंची दुसरी प्रत मुलाच्या हार्ड डिस्कवर.

विंडोजचा निरोप खरा आहे. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट संपला. म्हणजे मशीन बंद पडत नाही, फक्त सुरक्षेची नवी ठिगळं लागायची थांबतात. घरगुती वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत एक वर्षाची वाढीव सोय ठेवली आहे, त्यासाठी मायक्रोसॉफ्टच्या खात्यानं साइन-इन करावं लागतं. विंडोज ११ तुमच्या मशीनवर रीतसर चढणार नाही. त्याला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची चीज लागते आणि इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर. तुमचा २०१३चा, त्याच्या बराच आधीचा. कुणी ‘जुगाड करून टाकून देतो’ म्हणाला तर नको म्हणा, पुढचं अपडेट अडकलं की तो फोन उचलणार नाही.

माझं मत विचाराल तर या मशीनचं इंटरनेट आजच काढून टाका, मागची केबल उपसा किंवा वायफायची कांडी काढा. बँकेचं काम मोबाइलवर, नंतर लॅपटॉपवर. हे मशीन आता फक्त सरांच्या लेखनाचं. पीडीएफ बाहेर न्यायला लागेल तेवढी एक्स्टर्नल डिस्क वापरा. अशा मशीनला सपोर्ट संपल्याचं फारसं भय नाही. (‘मायक्रोसॉफ्टमधून बोलतोय, तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे’ असा फोन आलाच तर मायक्रोसॉफ्ट कुणाच्या घरी असे फोन करत नाही हे लक्षात घ्या आणि फोन ठेवून द्या. पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन.)

पंधरा मिनिटांचं म्हणाल तर त्यातली पाच सहज वाचतील. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडेल, त्यात स्टार्टअपच्या यादीत जे ओळखीचं नाही आणि लागत नाही ते ‘डिसेबल’ करा. दोन अँटिव्हायरस असतील तर एक काढा, दोघे एकमेकांवरच पहारा देत बसतात. उरलेला संथपणा फिरत्या हार्ड डिस्कचा आहे. तिच्या जागी एसएसडी, म्हणजे फिरता भाग नसलेली डिस्क, घातली की फरक असा पडतो, की लोकांना मशीन बदललं असं वाटतं. पण मी तुम्हाला आत्ता तो खर्च सांगणार नाही. महिनाभर सकाळी मशीन चालू करून चहा टाकायला जा. लेखन बाहेर आल्यावर मशीन ठेवावंसं वाटलं, तर एसएसडी घालून त्यावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट टाका. फुकट आहे, चार जीबी रॅमवर चालतं, युनिकोड मराठी त्यात नीट टाइप होतं. श्रीलिपी मात्र त्यावर चालायची नाही, म्हणून म्हणतो, आधी नको.

आणि ठेवायचं नसेल तर? मग हार्ड डिस्क काढून घ्या. आत वहीच्या निम्म्या आकाराचा जड चौकोनी ठोकळा असतो, दोन केबली आणि चार स्क्रू. ती कापडात गुंडाळून कपाटात ठेवा, तारीख आणि ‘यांचं लेखन, मूळ’ अशी चिठ्ठी लावून. कॉम्प्युटर देताना डिस्क द्यावी लागते असा काही नियम नाही. लोकांना वाटतं डिलीट केलं, रिसायकल बिन रिकामा केला, झालं. तसं नसतं. डिलीट म्हणजे पुस्तकाच्या अनुक्रमणिकेतून प्रकरणाचं नाव खोडणं, पानं आत तशीच असतात. क्विक फॉरमॅटही अनुक्रमणिकाच फाडतो. डिस्क द्यायचीच असेल तर ‘क्विक’ची खूण काढून पूर्ण फॉरमॅट करायचा, त्याला काही तास लागतात आणि तो खरोखर पानापानावर शून्यं लिहितो. तुमच्या डिस्कवर पेन्शनची कागदपत्रं, पासबुकाचे फोटो, आधार, पॅन असणारच. ती चारशे रुपयांत जाऊ नयेत. (हातोड्यानं डिस्क फोडायची हौस असलेल्यांसाठी : लॅपटॉपच्या छोट्या डिस्कमधली तबकडी बरेचदा काचेची असते, डोळ्यांत जाते.)

बाकीच्यांपैकी रिकामा पत्र्याचा डबा भंगारवाल्याला खुशाल द्या, लोखंड ते लोखंड. तो माणूस वाईट नाही, आपल्या गावांचा अर्धा कचरा त्याच्यामुळे परत वापरात येतो. प्रश्न त्याच्या पुढे आहे. आतल्या सर्किटच्या हिरव्या पट्ट्या हातोहात पुढे जात दिल्लीच्या सीलमपूरला, मुरादाबादला पोहोचतात. तिथे तांब्या-सोन्यासाठी त्या भट्टीत जाळल्या जातात किंवा ॲसिडच्या टबात बुडवल्या जातात, उघड्या हातांनी, आणि पाणी नाल्यात सोडलं जातं. पोटवाल्या मॉनिटरचं तर इथेच सुरू होतं. त्याच्या काचेत किलोच्या हिशोबात शिसं असतं. भंगारवाल्याला हवं असतं फक्त मानेभोवतीचं तांबं, म्हणून तो नळी फोडतो आणि काच उकिरड्यावर टाकतो. तुम्हीही माळ्यावरून उतरवताना दोन माणसं लावा आणि मागचं कव्हर कुणालाही उघडू देऊ नका. चालू असताना त्या नळीवर वीसेक हजार व्होल्ट असतात, बंद केल्यावरही काही उरतात, आणि आत निर्वात पोकळी असल्यामुळे फुटली तर काच आत खेचली जाऊन मग चहूकडे उडते.

मदरबोर्ड, एसएमपीएस, मॉनिटर, कीबोर्ड, केबली हे ई-कचऱ्यात. १ एप्रिल २०२३पासून लागू असलेल्या नव्या नियमांनी जुना माल रीतसर मार्गी लावण्याची जबाबदारी उत्पादक कंपन्यांवर टाकली आहे. मशीन नावाजलेल्या कंपनीचं असेल तर तिच्या भारतातल्या वेबसाइटवर जुना माल परत घेण्याचं पान शोधा. दुकानात जोडून घेतलेलं असेल, २०१३ला बहुतेकांची तशीच असत, तर नगरपालिकेच्या आरोग्य विभागात ई-कचरा कधी आणि कुठे घेतात ते विचारा. नाहीतर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वेबसाइटवर परवानाधारकांची यादी असते. नोंदणी क्रमांक असलेली पावती मागा. जो पावती द्यायला कां-कूं करतो, तोही मुरादाबादचाच रस्ता.

यूपीएसची बॅटरी वेगळी. ती शिशाची असते, साधारण दोन-तीन वर्षांत दम तोडते. नवी घेताना जुनी परत दिली तर दुकानदार किंमत कमी करतो, तिथेच द्या. पोट फुगलेली असेल तर घरात एक दिवसही नको.

शाळेला दान द्यायचा विचार पत्रात ओझरता आलाय. तुम्ही शाळा चालवली आहे, तुम्हाला मी काय सांगू? दान आलेले बंद कॉम्प्युटर शाळेच्या कुठल्या खोलीत जातात आणि साठा नोंदवहीतून ते निर्लेखित करायला किती वर्षं आणि किती सह्या लागतात, हे तुम्ही पाहिलं असेल. एसएसडी आणि लिनक्स घालून, चालू करून, मुलांना चित्र काढायला बसवून दाखवता आलं तर द्या. नाहीतर नको.

राहिलं क्रोशाचं कव्हर. दुकानदाराचं बरोबर होतं, पण अर्धंच. मशीन चालू असताना मॉनिटरच्या वरच्या आणि मागच्या जाळीवर काही नको, आतली गरम हवा तिथूनच बाहेर पडते. बंद करा, प्लग काढा, वळवाच्या दिवसांत तर काढाच. पुढे कधी इंटरनेटची तार जोडलीत, तर आभाळ गडगडायला लागल्यावर तीही काढा, वीज त्या वाटेनंही येते. पाव तास निवू द्या आणि मग खुशाल घाला. क्रोशातून हवा खेळते, प्लास्टिकच्या कव्हरासारखा दमटपणा आत कोंडत नाही. दुकानातल्या कव्हरांपेक्षा तुमचंच बरं.